फाटकावरचा पहारा

माझे नाव ईश्वर लक्ष्मण गजभिये, वय वर्षे बहात्तर. नागपूरच्या रेल्वे कारखान्यात मी फिटर होतो. शाळा चौथीपर्यंत झाली. पुढचे जे काही आहे, ते ग्रंथालयात बसून मिळवलेले. १९५६ साली दीक्षा घेतली, तेव्हापासून भूतखेत मानीत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचे ऐकताना आपण मला भोळा समजणार नाही.

१९८६ च्या ऑक्टोबरात मी पेनसिल्व्हेनियात, मुलाकडे, सुभाषकडे राहत होतो. घरामागची टेकडी ओलांडली की ग्लेनकारा नावाचे खेडे लागे. आयर्लंडमधल्या एकाच गावची माणसे दुष्काळात तिथून निघाली, इथे कोळशाच्या खाणीत उतरली आणि नव्या वस्तीला जुन्याच गावाचे नाव दिले. चर्च तसेच बांधले. दफनभूमीचे लोखंडी फाटकही तसेच, पश्चिमेकडे तोंड केलेले. पुढे खाण बंद पडली, गाव पांगले. उरल्या एकट्या नोराबाई कीन. त्यांच्या तोंडून गावाचा इतिहास ऐकण्यासाठी मी दुपारी जात असे.

"एकदा एकाच दिवशी दोन प्रेतयात्रा निघाल्या," त्यांनी सांगितले होते. "दोन्हीकडची माणसे शवपेट्या खांद्यावर घेऊन धावत सुटली. फाटकात मारामारी झाली. माझ्या आजोबांचा दात तिथेच पडला!"

"पण धावायचे कारण काय?"

"चहा थंड होतोय, मिस्टर गजभिये."

माझी पत्नी रत्नाबाई त्याच वर्षी मार्चमध्ये गेली होती. अर्ध्या अस्थी सुभाषने नागपूरला नेल्या. उरलेल्या तांब्यात, माझ्या खिडकीशी होत्या. रत्नाबाईच्या माहेरी गावच्या विहिरीला आम्हा लोकांना हात लावू देत नसत. लहानपणापासून तिने लांबच्या ओढ्याचे पाणी डोक्यावरून वाहिले. घागर उतरवताना ती हलकेच "हं…" करी. पुढे घरात नळ आला, तरी बादली खाली ठेवताना ते "हं" सुटले नाही.

तांब्याविषयी ऐकून नोराबाईंनी हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "तिला आमच्यात ठेवा. माझ्या मायकेलशेजारी जागा आहे."

मायकेल हा त्यांचा मुलगा. त्या भूमीत पुरलेला शेवटचा माणूस. माझे मन भरून आले. एका गावाने जिला विहिरीजवळ उभे केले नाही, तिला दुसरे गाव आपल्या मातीत जागा देत होते, तेही जात न विचारता.

"बाबा, आर यू शुअर?" सून शीला म्हणाली. "तिथे तर कोणीच नसतं."

"असं कसं? आख्खं गाव आहे," सुभाष म्हणाला. "आईला कंपनी मिळेल."

घरून मी एकटाच गेलो; नोराबाई फाटकाशी वाट पाहत होत्या. दिवस मावळतीला आला होता. हवेत ओल्या पानांचा आणि जुन्या कोळशाचा वास होता. फाटकाच्या आतल्या बाजूला एक पत्र्याची बादली ठेवलेली होती, कोरडी. मी खड्डा खणला, अस्थी ठेवल्या, त्रिशरण म्हटले आणि माती लोटली. मान वर केली तेव्हा नोराबाई रडत होत्या. पण त्यांचे तोंड माझ्या पत्नीकडे नव्हते; त्या मायकेलच्या थडग्यावर वाकल्या होत्या.

"जा बाळा…" त्या पुटपुटत होत्या. "सुटलास. जा आता…"

"कशातून सुटला?"

त्यांनी डोळे पुसले. "आमच्या गावात जो शेवटी पुरला जातो, तो फाटकावर पहारा देतो. आत तहानलेले जीव असतात, त्यांना पाणी वाहतो. पुढचे प्रेत येईपर्यंत. म्हणून तर लोक धावत होते… आपले माणूस शेवटचे ठरू नये म्हणून. मायकेलनंतर कोणीच आले नाही. मी आले असते, पण मुलगी मला चँडलरला नेते आहे, ॲरिझोनात. तिथेच मरेन, तिथेच पुरतील."

"म्हणजे आता माझी पत्नी…"

"हो."

"नोराबाई, ही शुद्ध अंधश्रद्धा आहे!"

"मग तुमचे काय बिघडले, मिस्टर गजभिये?"

त्या निघून गेल्या. मी त्यांच्यामागे फाटकाबाहेर पडलो, कडी लावली आणि उतारावर आलो. वारा पडला होता. मागे बादलीची कडी खळकन वाजली. मग पावले; सावकाश, ओझ्याखालची. मग पत्रा दगडावर टेकल्याचा आवाज, आणि त्यापाठोपाठ…

"हं…"

मी वळून पाहिले नाही. आपण पाहिले असते का?

सकाळी उजाडताच मी परत गेलो. बादली जागेवर नव्हती. ती आत, थडग्यांच्या मधोमध होती, आणि ओली. तिच्या काठावर गवताची चुंबळ ठेवलेली होती, डोक्यावर घागर ठेवण्यापूर्वी बायका वळतात तशी. तिचे टोक आत खोचले होते, रत्नाबाई खोचत असे तसे. त्या मुलखात कोणी डोक्यावरून पाणी वाहत नाही.

नोराबाई डिसेंबरात मुलीबरोबर ॲरिझोनाला गेल्या. त्याच आठवड्यात मी सुभाषला सांगितले, "मला जाळू नका. ग्लेनकाराला पुरा."

"बाबा, व्हॉट? तुम्ही तर हे काही मानत नाही ना?"

"मानत नाही," मी म्हणालो. "पण तुझ्या आईने जन्मभर पाणी वाहिले आहे. तिला कोणीतरी सोडवायला हवे."

तसा कागद केला आहे, त्यावर सुभाषची सही आहे.

तेव्हापासून मी रोज संध्याकाळी दोन कॅन पाणी नेऊन ती बादली काठोकाठ भरून ठेवतो, म्हणजे तिला लांब जावे लागू नये. सकाळी बादली रिकामी असते. जानेवारीत तिथे गुडघाभर बर्फ होते, गवताची एक काडी दिसत नव्हती. चुंबळ मात्र रोज हिरवी असे.