लोखंडी माळावरची सावली

यानानं पाठवलेले फोटो नीटनेटके करून लोकांसमोर ठेवायचे, हे तिचं काम. यान एका लघुग्रहाभोवती फिरत होतं. लघुग्रह कसला, लोखंड आणि निकेलचा उघडाबोडका डोंगरच. यान खाली उतरू लागलं तशी त्याची सावली त्या धातूच्या माळावर पडू लागली: मधे पेटी, दोन्ही बाजूंना सूर्यप्रकाश पिणारे लांबलचक पंख. ऑफिसात सगळे गमतीनं त्या सावलीला 'आपली घार' म्हणायचे.

सोमवारी सकाळच्या फोटोत घारीपासून बऱ्याच अंतरावर आणखी एक सावली दिसली. उभट, बारीक. तिला आधी कॅमेऱ्याचा दोष वाटला. तिनं मूळ फोटो उघडून पाहिला. सावली तिथंही होती. दुपारच्या फोटोत ती घारीच्या जवळ आली होती. सावली पाडेल असं वर दुसरं काहीच नव्हतं.

प्रमुख मॅडमनी फोटो पाहिला, चष्मा काढला, पुन्हा लावला.

"डाग आहे. पूस."

"मॅडम, डाग सरकत नाही."

"उद्या सगळं जग हा फोटो बघणार आहे. नसती ब्याद मागे लावून घेऊ नकोस."

तिनं पुसली. आजूबाजूचं लोखंड उचलून वर सारवलं. काम इतकं सफाईदार झालं की तिचं तिलाच कौतुक वाटलं, आणि मग त्या कौतुकाचीच लाज वाटली.

मंगळवारच्या बैठकीत काका उभे राहिले. यानावरचं चुंबकत्व मोजणारं यंत्र त्यांचं. त्यात त्यांनी उमर घालवली होती. तिच्या वडिलांचे मित्र. तिला या कामात बोट धरून आणलं ते त्यांनीच.

"यानाजवळ काहीतरी आहे," ते म्हणाले. "लघुग्रहाचं नव्हे, वेगळं. आणि ते जवळ येतंय."

"काका, खिशातली किल्ली असेल," कुणीतरी म्हणालं. सगळे हसले.

काकांनी तिच्याकडे पाहिलं. "तुझ्या फोटोत काही दिसलं का गं?"

मॅडम पेनाशी चाळा करत होत्या.

"नाही," ती म्हणाली.

यंत्र बिघडलंय असं ठरलं. ते बंद करण्याची आज्ञा यानाकडे गेली. बाहेर पडताना काका तिच्या खुर्चीपाशी थांबले.

"तू नाही म्हणालीस ना, मग यंत्रच चुकलं असणार. म्हातारं झालं, माझ्यासारखंच."

पाठीवर थाप मारून ते गेले. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुपारी डबा तसाच परत गेला.

बुधवारी सकाळी ती त्यांच्या खोलीत गेली. ते भिंतीवरचे आलेख उतरवत होते. दार लोटून तिनं सगळं सांगून टाकलं. मान वर करायची हिंमत झाली नाही.

काकांनी हातातला आलेख खाली ठेवला. मग त्यांनी खुर्ची पुढे सरकवली.

"दाखव."

नवा फोटो नुकताच आला होता. तिनं उघडला. माळ लख्ख होता.

सावली एकच होती.

"गेली म्हणायची," काका हळूच म्हणाले.

तिनं फोटो मोठा केला.

शेजारच्या पडद्यावर यानाचे निरोप येत होते. बॅटरी भरलेली. पंख उघडे. सगळं ठीक.

काकांनी चष्मा पुसला आणि ते फोटोवर वाकले.

सावली उभट, बारीक होती. तिला पंख नव्हते.