साफ्ताच्या नावाचं ताट

ताट बाजूला सारू नकोस, पोरी. चीज आजचंच आहे, सकाळी मी स्वतः केलंय. तुम्ही तिघं माझ्या शेतावर पाच-पाच तास राबता, पैसा घेत नाही, मग खाणं तरी धड नको? सगळे मालक तसे नसतात. ओढ्याच्या वर ते बंद घर दिसतं ना? कॉर्नेलचं. तिथंही तुमच्यासारखी एक आली होती. आइला. फिनलंडची मास्तरीण, बत्तीस वर्षांची, चीज करायला शिकायचं म्हणून आलेली. तिनं जे सांगितलं तेच सांगतो. पदरचं काही नाही.

दोन हजार चोवीस. ऑक्टोबरची एकोणीस तारीख, शनिवार. दुपारी आइला माझ्या दारात उभी.

"स्पिरिदोनकाका, कॉर्नेलनं मेणबत्ती मागितलीय. अर्धी असली तरी चालेल म्हणाला."

हसावं की थुंकावं, मला कळेना. त्याची आई साफ्ता जाऊन त्या दिवशी चाळीस दिवस होत होते. चाळिसाव्याला आमच्याकडे गाव जेवतं. नवी ताटं, ताजं अन्न, प्रत्येकाच्या हातात पेटती मेणबत्ती. जेवणारा इथं जे खातो, तेच तिकडे मेलेल्याच्या तोंडी लागतं. आणि हा कवडीचुंबक आईसाठी मेणबत्तीही उसनी आणणार!

"किती माणसं बोलावलीत गं?"

"कुणालाच नाही. म्हणाला, तू आहेस ना घरात, तूच खा."

साफ्ताला खालच्या जबड्यात पुढचा एकच दात उरला होता. त्या एका दातानं अक्रोड घातलेला पाव कुरतडायची आणि वर आपल्याच फजितीवर हसायची. शेवटच्या हिवाळ्यात कॉर्नेल तिला मक्याच्या पिठाचं नुसतं पाणी पाजायचा. ताजं चीज सगळं बाजारासाठी, त्याच्या खोलीतल्या कपाटात कुलूपबंद. किल्ली ह्याच्या गळ्यात, क्रॉसच्या दोऱ्याला. एकदा कुंपणापाशी ती मला म्हणाली, "स्पिरिदोन, मेल्यावर तरी ताज्या चीजचा घास मिळेल ना रे?" मी म्हटलं, मिळेल की. एवढं बोललो आणि घरी येऊन पोटभर जेवलो. एक तुकडा नेऊन दिला नाही, कॉर्नेलशी भांडण नको म्हणून. माझीच मला किळस येते, पोरांनो.

तर आइलाला मी अख्खी मेणबत्ती दिली. वर शहाणपणही शिकवलं. "ताट पुढे आलं की नाही म्हणू नकोस, बाई. मेलेल्याचा अपमान होतो. दोन घास तरी खा."

संध्याकाळी कॉर्नेलनं तिला तळघरात पाठवलं. मेंढीच्या कातड्यात भरलेलं मागल्या वर्षीचं चीज आणायला. कातडं फोडल्याबरोबर भपकारा आला, मुतारीसारखा. आत हिरवट, चिकट गोळा. वळवळत होता. कॉर्नेलनं अंगठ्यानं अळ्या निपटल्या, अंगठा विजारीला पुसला, आणि त्याच हातानं एक गोळा फुटक्या ताटलीत थापला.

"हे डुकरंसुद्धा खाणार नाहीत, कॉर्नेल."

"डुकरं मला विकायचीत. तू खा. म्हातारीला काय कळतंय आता?"

त्यानं मेणबत्ती पेटवली आणि टेबलापलीकडे बसून राहिला. आइलानं माझे शब्द आठवून दोन घास गिळले. जिभेवर काहीतरी हललं म्हणाली. गोठ्यामागे जाऊन आतडी बाहेर येईपर्यंत ओकली. ताटली स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली आणि झोपायला गेली. तिची खोली म्हणजे साफ्ताचीच. खाटही तीच.

एक वाजायला वीस मिनिटं होती. तिनं मोबाइलवर पाहिलं.

स्वयंपाकघरात कुणीतरी चघळत होतं.

चपक... चपक... ओलं. सावकाश. दात नसलेलं तोंड चघळतं तसं.

मग, थू.

पुन्हा चपक... चपक...

थू.

कॉर्नेल असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. तेवढ्यात भिंतीपलीकडून कॉर्नेलचं घोरणं ऐकू आलं. तिनं दार बोटभर उघडलं. खिडकीशी कुणीतरी पाठमोरं. काळा रुमाल बांधलेलं डोकं. वाकलेली पाठ. आणि तो वास... तो तळघराचा वास.

डोकं वळलं नाही. ताटली उचलली गेली. पावलं निघाली. कॉर्नेलच्या खोलीकडे.

घोरणं थांबलं.

"आई...?"

खाट करकरली.

"आई, नको... आई, ते नको..."

मग फक्त घशातला आवाज. कोंडलेला. बराच वेळ.

मग एक बारीक आवाज. कुलपाचा नव्हे. कुरतडल्याचा.



पहाटे साडेपाचला आइला माझ्या दारात. अनवाणी. मी काठी घेऊन तिच्यासोबत गेलो. कॉर्नेल खाटेवर बसला होता, जिवंत. हनुवटीपासून छातीपर्यंत हिरवा चिखल. उशीवर चघळून थुंकलेले गोळे, त्यात अजून वळवळ चाललेली. टॉवेलनं जीभ खरवडत होता. रक्त आलं तरी थांबेना. आज दोन वर्षं शहरात बहिणीकडे आहे. तोंडात पाण्याचा घोट गेला तरी थुंकतो म्हणे. मला त्याची दया येत नाही.

पण आइलानं सांगितलेलं ते कुरतडणं माझ्या डोक्यातून जात नव्हतं. मी त्याच्या गळ्यातला दोरा ओढून किल्ली काढली. तो जीभ खरवडतच राहिला. कपाटाचं कुलूप जसंच्या तसं होतं. मी ते उघडलं. पांढऱ्याशुभ्र, ताज्या चीजच्या अकरा गोल ढेपा, ओळीनं मांडलेल्या.

शेवटच्या ढेपेला एक घास कमी होता. मधोमध खोल अशी एकाच दाताची रेघ.

मी मेणबत्ती घेऊन सगळं कपाट पाहिलं. खाली जमीन पाहिली. कोपरे पाहिले. थुंकलेला पांढरा घास कुठंच नव्हता.

तेवढा एक घास तिनं गिळला होता.