बसलेला भाडेकरू

कोंडीबा घडीखात्यातला माणूस. गिरणीत मागावरून उतरलेलं कापड मोजायचं, कोपऱ्यावर निळ्या पेन्सिलीनं लांबी लिहायची आणि खाली ‘को’ अशी आपली खूण करायची, हे काम त्यानं सोळा वर्षं केलं होतं. खूण झाली की माल घेतला. मग त्यात खोट निघाली तरी तोंड उघडायची सोय नाही. पेन्सिल कायम कानावर. डोळ्यालाही असली सवय, की सोयरिकीला गेला तरी पाहुण्याच्या धोतराकडं बघून म्हणायचा, अर्धा वार कमी भरतंय. त्याची बायको वच्छला त्यावरून चिडायची. एरवी माणूस साधा, कष्टाळू, फक्त थोडा कायदेबाज. त्या कायदेबाजपणाचीच ही गोष्ट आहे, तेव्हा नीट ऐका.

चौऱ्याहत्तर सालचा पाडवा उलटला आणि कोंडीबा साखर पेठेतलं राहतं घर विकत घेतोय, ही बातमी गिरणीच्या फाटकासमोर श्रीमंतच्या हॉटेलात पोचली. अकरा वर्षं तो तिथं भाड्यानं राहत होता. दोन खोल्या, मागं मोरी, दारात नळ. विणकराचं घर ते, त्यामुळं पुढच्या खोलीत जमिनीतच हातमागाचा खड्डा होता. विणणारा त्यात पाय सोडून बसायचा. माग केव्हाच गेला होता आणि खड्ड्यावर एक मोठी शहाबादी फरशी टाकलेली होती. तिच्यावर वच्छला जोंधळे निवडायची आणि रंभा, त्यांची नऊ वर्षांची एकुलती एक पोर, अभ्यास करता करता तिथंच लवंडायची. फरशी भर वैशाखातही गार लागायची. सोलापूरच्या उन्हाळ्यात याचं कुणाला नवल वाटत नाही, बरंच वाटतं.

हॉटेलात वाद पेटला तो किमतीवरून. एवढं घर निम्म्या किमतीत कसं पडलं? मागावरच्या कामगारांवर देखरेख करणारा रामहरी जॉबर म्हणाला, घराचा भाव नळावर असतो, सकाळी पाणी येणारी गल्ली महाग आणि रात्री येणारी स्वस्त. हॉटेलवाला श्रीमंत म्हणाला, नळाचं सोडा, हे सगळं दुष्काळानं केलंय. बहात्तरला मंगळवेढा-सांगोल्याकडची माणसं शहरात आली ती परत गेलीच नाहीत, आता खुराड्यालासुद्धा भाव आलाय. मग रामहरीनं त्याला कोंडीत पकडलं. नळ तर दारात आहे आणि दुष्काळ सगळ्यांनाच होता, मग हे एकच घर मातीमोल का? कोंडीबा बशीतला चहा फुंकत गालात हसत होता.

“मी बसलोय की आत,” तो म्हणाला. “भाडेकरू बसलेल्या घराला गिऱ्हाईक कुटलं? त्यो निघत न्हाई म्हनल्यावर घेतंय कोन?”

आणि मग त्यानं आपला पराक्रम शंभराव्यांदा ऐकवला. दोन वर्षांपूर्वी घरमालकीण सुंदरम्मा घर रिकामं करा म्हणून मागं लागली होती. भाडं घेईना. कोंडीबानं सरळ पोस्टात जाऊन मनिऑर्डर केली आणि म्हातारीनं पोस्टमनसमोर अंगठा उठवला. भाडं घेतलं, पावती झाली, की भाडेकरू कबूल केला. मग ब्रह्मदेव आला तरी त्याला हलवता येत नाही. हे त्याचं ठरलेलं बोलणं श्रीमंतला पाठ झालं होतं.

सुंदरम्मा साठीच्या पुढची तेलुगू विधवा, दोन गल्ल्या पलीकडं भाचीकडं राहायची. नवरा आणि दोन पोरगे गेल्यावर तिनं ते घर भाड्यानं दिलं होतं. दर एक तारखेला ऐन दुपारी यायची. भाडं घ्यायची, मग सगळ्यांना मागच्या अंगणात पाठवून पुढच्या खोलीत एकटी दार लावून घ्यायची. एकदा फरशी सरकल्याचा आवाज यायचा, थोड्या वेळानं परत एकदा. बाहेर आली की तिचा चेहरा घामानं डबडबलेला असायचा. नवऱ्याची आठवण काढत असेल बिचारी, असं वच्छला म्हणायची आणि तांब्याभर पाणी द्यायची. अकरा वर्षांत कुणी तिला काही विचारलं नाही.

खरेदीखत झालं त्या दिवशी कचेरीबाहेरच्या लिंबाखाली सुंदरम्मानं कोंडीबाला थांबवलं. दर एक तारखेला मी येऊन जाईन, म्हणाली, आणि मी येईपर्यंत फरशीवरचं काही उचलू नका.

झालं, आमच्या कायदेपंडिताच्या डोक्यात घंटा वाजली. घर विकलं तरी बाई महिन्याच्या महिन्याला येऊन दार लावून बसणार! उद्या तिचा एखादा भाचा उभा राहून म्हणेल, ताबा तर आम्मानं कधी सोडलाच नव्हता. त्यानं हात जोडले.

“आम्मा, पाव्हनी म्हनून कवाबी या. पन एक तारखेला यायचं न्हाई. आता घर माजं हाय.”

काहीतरी सांगावं असं म्हातारीच्या ओठांवर आलं होतं. पण त्यानं खरेदीखताची गुंडाळी छातीशी धरली होती, ती बघून ती एवढंच म्हणाली, “तुमी मालक,” आणि टांग्यात चढली.

घरी आल्या आल्या कोंडीबानं अकरा वर्षं जी गोष्ट करता आली नव्हती ती केली. रंभाला चौकटीला पाठ लावून उभी केली आणि तिच्या डोक्यावर निळी रेघ ओढली. मग आपल्या हातानं, कोपरापासून बोटापर्यंत, मापून रेघेशेजारी लिहिलं, पावणेतीन हात. दर पाडव्याला रेघ ओढायची, तो म्हणाला, लग्नापर्यंत. आता भिंत आपली, चौकट आपली. वच्छलाला हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही.

एक मे उजाडला. गिरणीला सुट्टी. जेवणं झाली, दारं-खिडक्या लावून घेतल्या. त्या दिवसांत दुपारी बाराच्या पुढं सोलापुरात कुत्रंही रस्त्यावर दिसत नाही. आतल्या खोलीत वच्छला आणि रंभा झोपल्या होत्या, कोंडीबाही भिंतीला टेकून पेंगत होता. तेवढ्यात त्याच्या नाकात खळीचा वास शिरला. ताण्याच्या उभ्या सुताला लावतात ती ओली, आंबूस खळ. वास ओळखीचा होता, पण गिरणीतला, घरातला नव्हे. मग आवाज.

खट्... खट्... खट्...

शेजारी कुणी माग लावलाय, असं त्याला आधी वाटलं. पण ऐन दुपारी साखर पेठेत कुणी माग चालवत नाही, आणि आवाज भिंतीतून येत नव्हता. तो त्याच्या बुडाखालून, जमिनीतून येत होता. तो उठून बसला, तेव्हा आवाज थांबला.

पुढच्या खोलीत फरशीवर कोऱ्या पांढऱ्या कापडाची घडी ठेवलेली होती.

कोंडीबाला मनातून हायसं वाटलं. म्हातारी येऊन गेली तर! घर विकणारानं घेणाराला कापडाचा आहेर करावा ही रीत आहेच. आपण एवढं तोडून बोललो आणि तिनं मात्र रीत पाळली, याची त्याला थोडी लाजही वाटली. त्यानं घडी उचलून कपाळाला लावली. हाताला ती जरा दमट लागली. मग सवय ती सवय! उभ्या उभ्याच त्यानं कापड हातावर मोजलं, कानावरची पेन्सिल काढली, कोपऱ्यावर आकडा लिहिला आणि खाली ‘को’ केलं.

“वच्छे, बघ की,” तो आत बघून हसत म्हणाला. “पावनेतीन हात. रंभाच्या मापाचं निगालं.”

वच्छलानं कापड ट्रंकेत ठेवलं. कोंडीबा पुढचं दार उघडायला गेला आणि तिथंच थबकला. दाराला आतून कडी होती.

हे त्यानं बायकोला सांगितलं नाही. स्वतःशीही दोन दिवस कबूल केलं नाही.

तिसऱ्या दिवशी रंभाला ताप भरला. ऊन लागलं असेल म्हणून कांदा ठेचून लावला, डॉक्टर झाला, सुई झाली. पोर पाणी मागायची आणि विचारायची, फरशीखाली कोण माझं नाव घेतंय? सातव्या दिवशी ती गेली. शेजारच्या बायका आल्या, कापड आणायला कुणाला तरी पाठवा म्हणाल्या. वच्छलानं भ्रमिष्टासारखी ट्रंक उघडून ती घडी काढून दिली. पोरीवर घातली, तर बोटभर जास्त नाही, बोटभर कमी नाही. कोपऱ्यावरची निळी खूण पायाशी आली होती. कोंडीबानं ती बघितली.

तिसरा झाल्यावर तो सुंदरम्माकडं गेला. ती बाजेवर बसली होती. त्याला बघून तिनं डोळे पुसले.

“घेतलं?” तिनं विचारलं.

“घेतलं... वर पेन्सिलीनं खून बी केली. आम्मा, काय हाय ते?”

“भाडं,” ती म्हणाली. “तो बसलाय खाली. माजी सासू घर घेतली, तवा बी होता तो. कोन, ते ठाऊक नाही. भाडेकरूला काय करत नाही, मालकालाच भाडं देतो. नवरा कापड घेतला, मोटा पोरगा गेला. धाकटा होटगीला रेल्वेत होता, हितं नव्हताच... मी हितं कापड घेतलं, तो तिकडं गेला. मग नवरा. तवापासून मी घेत नाही. एक तारखेला आलं, की फरशी उचलून परत टाकते, भाडं नको म्हनते. अकरा वर्षं.”

“मग मला सांगितलं का न्हाई?”

“सांगितलं असतं, तर म्हातारी भाव वाढवती म्हनला असता. नाहीतर ताबा सोडत नाही म्हनला असता.”

कोंडीबा नेमकं तेच म्हणाला असता.

“आता तुमी जाऊन परत टाका,” तो कसाबसा म्हणाला. “पाया पडतो.”

“मी कोन आता? मालक तुमी. खून करून घेतलं तुमी... पावती दिली.” मग ती अगदी हळू म्हणाली, “तुमालाच ठाऊक की. एकदा घेतलं की तो निघत नाही.”

घर सोडून जावं, तर होटगीला गेलेला पोरगा वाचला नव्हता. विकून टाकावं, तर घेणाराला काय सांगायचं? सांगून कुणी घेणार नाही आणि न सांगता विकावं, तर त्याच्याही घरात एखादी रंभा असणारच. हॉटेलात भावाचा वाद अजून चालायचा. नळ, दुष्काळ, गिरणीची पाळी. कोंडीबा ऐकायचा आणि चहा तसाच टाकून उठायचा.

मग तोही एक तारखेला खाडा करून घरी राहू लागला. दुपारी वच्छलाला अंगणात पाठवायचा, दार लावायचा. कापड आलेलं असायचं. न मोजता, डोळे मिटून, फरशी सरकवून खाली टाकायचा आणि म्हणायचा, भाडं नको. खाली कापड पडल्याचा आवाज कधी यायचा नाही. कुणीतरी ते हातात झेलल्यासारखं वाटायचं. पेन्सिल तर तो घरी आणतच नव्हता. गिरणीतच मुकादमाच्या कपाटात ठेवून यायचा. पाच महिने असे गेले. वच्छला हळूहळू जेवू लागली. जगायचं ते असंच, एवढं त्यानं मनाशी कबूल केलं होतं.

एक नोव्हेंबरला आवाज थांबल्यावर तो पुढच्या खोलीत आला. घडी नेहमीच्या जागी होती. डोळे मिटायच्या आधीच त्याला कोपरा दिसला.

कोपऱ्यावर निळी पेन्सिल फिरलेली होती. साडेतीन हात. अक्षर त्याचंच होतं, वळण त्याचंच, आणि खाली ‘को’.

त्यानं फरशी सरकवायला जोर लावला. आज ती हलली नाही. गुडघे टेकून, नखं फुटेस्तोवर त्यानं जोर लावला. मग तो त्या गार दगडावर तसाच बसून राहिला. साडेतीन हात माणूस. ज्यानं त्यानं आपल्या हातानं मोजलं तर प्रत्येकजण तेवढाच भरतो. हे माप त्याच्या हाताचं होतं की वच्छलाच्या, ते कळायला कापड हातावर घेऊन मोजावं लागलं असतं, आणि मोजलं म्हणजे घेतलंच.

मागच्या अंगणातून वच्छला हाक मारत होती. झालं का अवो, येऊ का आत?

त्यानं हो म्हणायला तोंड उघडलं, आणि खालून, फरशीच्या आतून, त्याच्याच आवाजात कुणीतरी म्हणालं, “ये की.”