सालईच्या कड्यावर

धारूरच्या डोंगरात आम्ही सालईचा डिंक आणायला निघालो होतो. पाठीच्या कण्याला जबर मार लागला की आतल्या मज्जारज्जूला सूज येते, आणि ती सूज नुकसान वाढवत नेते. डिंकातल्या द्रव्यानं ती आवरते का, हे तेजश्री आणि मी प्रयोगशाळेत उंदरांवर तपासत होतो. बाजारच्या डिंकात भेसळ निघाली, म्हणून तिचा थोरला भाऊ अंगददादा आम्हाला थेट झाडांपाशी घेऊन चालला होता. तो केजकडचा शेतकरी. हे डोंगर त्याच्या पायाखालचे.

दरीच्या तोंडाशी जीप सोडली. मुरमाड घसरण, करवंदीच्या जाळ्या, मग उभा कडा. कपारींतून सालईची झाडं वाकलेली, खोडांवर पिवळसर डिंक ओघळलेला. दुपारपर्यंत पिशवी निम्मी भरली.

"अजून ते एक झाड," म्हणत तेजश्री वर सरकली.

दगड निसटला! माझ्या डोळ्यांदेखत ती खालच्या कातळावर पाठीवर आदळली.

आम्ही धावलो. ती शुद्धीवर होती. चेहरा पांढराफटक.

"स्वप्नाली, मला पाय कळत नाहीत."

जिच्याबद्दल रोज वाचत होतो, तीच दुखापत समोर पडली होती.

दादानं तिच्या बगलेत हात घातले. "चल, पाठीवर घेतो."

"दादा, हात काढ. मणका हलला तर राहिलंय तेबी जाईल," तेजश्रीनं अडवलं.

"मग हा डिंक लावू का? त्याच्यासाठीच आलतो ना आपुन?"

"त्याचं औषध अजून झालंच न्हाई रे."

दादा खालच्या शेताकडे पळाला. मी तिचं डोकं दोन्ही हातांत सरळ धरून बसले. हात बधिर झाले, तरी सोडले नाहीत.

तो परतला तेव्हा सोबत शेतमालक सटवाभाऊ, दोन गडी आणि गोठ्याचं दार होतं. तेजश्री सांगत गेली, तसं आम्ही सगळ्यांनी मिळून तिला अलगद दारावर घेतलं, ओढण्यांनी बांधलं.

उतरण सुरू झाली. माझ्या खांद्यावरची डिंकाची पिशवी सारखी तिच्या तोंडावर येत होती. तिचं डोकं धरलेले हात काढणं शक्य नव्हतं.

"भाऊ, ही कापा," मी म्हणाले.

सटवाभाऊंनी विळ्यानं बंद कापला. डिंक दरीत गेला. तेवढ्यात मुरूम सरकला! दादा गुडघ्यांवर आपटला, रक्त आलं, पण दार त्यानं खांद्यावर तोलून धरलं. जीपपाशी रेंज मिळाली आणि आम्ही रुग्णवाहिका बोलावली.

अंबाजोगाईला ऑपरेशन झालं. पाय परत येतील का, डॉक्टर सांगेनात. दादा तिच्या पायथ्याशी बसून राहिला, तिचे तळवे हातांत धरून.

एका सकाळी तेजश्रीनं डोळे उघडले.

"दादा, लई गार हायत तुझे हात."

दादानं तिचे तळवे आणखी घट्ट धरले.