चांगल्या रिव्हेटला तीन ठोके

चौकातली सगळी वाहतूक तुंबली होती, आणि तुंबण्याचं कारण चक्क एक विमान होतं.

अख्खं विमान नव्हे. पंख नाहीत, शेपूट नाही – नाकापासून कमरेपर्यंतचं नुसतं धड. लांबलचक ट्रेलरवर पट्ट्यांनी करकचून आवळलेलं आणि वळता वळता मधेच अडकून बसलेलं. मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ. तिची स्कूटर नेमकी त्या धडाच्या कुशीला येऊन थांबली. तिला घाई होती. तिला कायमच घाई असायची. कुठे जायचंय हे ठाऊक नसलं तरी असायचीच.

तिने वैतागून वर पाहिलं, तर लंबगोल खिडकीत एक माणूस!

तरुण होता. घामाने निथळत होता, कपाळावर ग्रीसचा काळा पट्टा होता, आणि काचेला नाक लावून तो तिच्याकडेच बघत होता. तिने हाताने खूण केली – मागे घ्या की जरा! त्याने दोन्ही हात वर केले – माझ्या हातात काय आहे, बाई? मग काहीतरी आठवल्यासारखं करून त्याने खिशातून एक चिठ्ठी काढली आणि काचेला चिकटवून धरली. पत्ता होता. तिने मान वाकडी करून वाचला आणि तिला खुदकन हसू फुटलं. पत्ता तिच्याच कारखान्याचा होता.

मग काय! तिने फुटपाथला घासून स्कूटर पुढे काढली, चौकाच्या मधोमध उभी केली, समोरच्या गाड्या हात दाखवून थांबवल्या आणि ट्रेलरवाल्याला ओरडून ओरडून मागे-पुढे करायला लावलं. वळण सुटलं. पुढे स्कूटर, मागे विमान, अशी ती वरात कारखान्याच्या फाटकातून आत शिरली.

तो दारातून खाली उडी मारून आला.

“तुम्ही ट्रॅफिक पोलीस आहात का हो?”

“नाही. तुम्ही पायलट आहात का?”

“छे! मी दुरुस्तीवाला. विमानतळावर होतो. हे भंगारात निघालं तेव्हा… म्हणजे… राहवलं नाही.”

“लोक भंगारातून पंखा आणतात, सायकल आणतात…”

“मला तेव्हा या विमानाशिवाय काहीच आवडलं नव्हतं,” तो म्हणाला. ‘तेव्हा’ म्हणताना त्याने तिच्याकडे असं काही पाहिलं, की तिने उगाचच स्कूटरचं हँडल दोनदा लॉक केलं.

तेव्हापासून कारखान्यात त्याचं नाव पायलट पडलं. विमान त्याने जन्मात चालवलं नव्हतं, पण नाव पडलं ते पडलंच.

कारखाना अप्पांचा, म्हणजे तिच्या वडिलांचा. तिथे बसच्या बॉड्या बांधायचे. येताना नुसती चासी यायची – चाकं, इंजिन आणि एक उघडाबोडका सांगाडा – आणि जाताना नटूनथटून, पडदे लावून फाटकाबाहेर पडायची. पत्र्याचं सगळं काम तिच्याकडे होतं. लोक कौतुकाने म्हणायचे, पोरगी अप्पांचा उजवा हात आहे. ती वरवर हसायची आणि आतल्या आत चडफडायची, कारण उजव्या हाताला एकट्याने कुठे जाता येत नाही. पायाला भिंगरी घेऊन जन्मलेली ही मुलगी, पण ती भिंगरी फिरायची ती आवारातल्या आवारात. तिने बांधलेल्या बसमधून माणसं समुद्र बघून आली, बर्फ बघून आली. तिने बघितली ती प्रत्येक बसची पाठ. आई गेल्यापासून अप्पा कारखान्यातच रमले होते, आणि त्यांना सोडून जायचं म्हणजे… ते वाक्य ती मनातसुद्धा पुरं करत नसे.

पायलटचं म्हणणं साधं होतं. हे धड एका बसच्या चासीवर चढवायचं, पुढे स्टिअरिंग, मागे टेबलं आणि कपाटं. डोंगरातल्या शाळांमध्ये फिरती प्रयोगशाळा न्यायचं काम त्याला मिळालं होतं. मुलं विमानात शिरणार आणि आत भिंगं, चुंबकं, दुर्बिणी! हे सांगताना त्याचे हात असे काही उडायचे की अप्पांनी समोरचा चहाचा कप हळूच बाजूला सरकवला.

“शाळा उघडायच्या आत पोहोचलं पाहिजे,” तो म्हणाला.

“पोहोचेल,” ती म्हणाली. आणि पोहोचलं की हा जाणार, हे तिला आत्ताच खुपलं. ओळख होऊन धड दिवस मावळला नव्हता.

काम सुरू झालं आणि त्यासोबत भांडणंही. कॉकपिटमध्ये बसून तिने समोर पाहिलं.

“या काचांतून ढग छान दिसतात. रस्ता कोण बघणार?”

“मी अंदाजाने…”

“तुमच्या अंदाजाने चौक अडला होता. नाकाखाली कापून अजून एक काच बसवायची.”

“नाक कापायचं?” त्याने स्वतःच्याच नाकाला हात लावला.

“विमानाचं. तुमचं अजून ठरवलं नाही.”

दुपारी तिची आत्या डबा घेऊन यायची आणि नेमकी दोघांच्या मधे बसायची. अ‍ॅल्युमिनियमचं धड थेट लोखंडी चासीला जोडलं तर गंज धरतो, म्हणून दोहोंच्या मधे सगळीकडे रबराची पट्टी बसवली होती. पायलट हळूच म्हणाला, “आपल्याकडे रबराची पट्टी डबा घेऊन येते.” तिला ठसका लागला. आत्याने तिच्या पाठीवर थापट्या मारल्या आणि त्याच्याकडे असं पाहिलं, की तो दोन घास न चावताच गिळून मोकळा झाला.

पण खरी गंमत पत्रे जोडणारे रिव्हेट मारताना होती. त्या कामाला दोन माणसं लागतात. ती बाहेरून ठोकायची गन लावायची, तो आतून रिव्हेटच्या शेपटाला लोखंडी ठोकळा दाबून धरायचा. मधे पत्रा. एकमेकांचं तोंड दिसत नाही, गनच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही. म्हणून आतला माणूस ठोकळ्याने पत्र्यावर सांगतो. एक ठोका – अजून मार. दोन – छान बसला, पुढे चल. तीन – बिघडला, काढून टाक. दिवसभर हीच बोली. टक्-टक्. टक्-टक्. हळूहळू तिला त्या ठोक्यांवरून त्याचा मूड कळायला लागला. सकाळचे ठोके खणखणीत, दुपारचे आळसावलेले, आणि संध्याकाळचे… संध्याकाळी तो दुसरा ठोका जरासा लांबवायचा, जणू हात उचलायचं जिवावर आलंय. आणि ती पत्र्याला तळहात टेकून उभी राहायची. पत्रा उन्हाने तापलेला असायचा. निदान ती स्वतःला तसं सांगायची.

काम संपत आलं तसा तिचा जीव थाऱ्यावर राहीना. चहा घेतला तर कप अर्धा राहायचा, पाना उचलला तर कशासाठी उचलला ते आठवायचं नाही. आणि एके दिवशी एक फार चांगला रिव्हेट बसला. हाताला कळतं ते, कानालाही कळतं. ती पुढच्या भोकाकडे सरकलीसुद्धा.

टक्. टक्. टक्.

तीन?

ती थबकली. चुकून झालं असेल. तिने मुकाट्याने ड्रिल लावून रिव्हेटचं डोकं उडवलं आणि नवा मारला. पुन्हा तीन! त्या दिवशी तिने कितीतरी चांगले रिव्हेट काढले. आणि तेव्हा तिला उमगलं – हा मुद्दाम करतोय. याला गाडी पुरी व्हायला नकोय!

आनंदाने तिचे कान तापले. आणि तिने काय करावं? जाब विचारला का? छे. मान खाली घालून ती चांगले रिव्हेट काढत राहिली. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच मागच्या दाराच्या बिजागऱ्यांमध्ये खोट काढली. त्याने ती लगेच कबूल केली. तिने रंगाची छटा नापसंत केली, त्याने मान डोलावली. दोघं मिळून दिवसभर राबत होती आणि गाडी होती तिथेच होती.

अप्पा चष्मा कपाळावर चढवून येऊन उभे राहायचे, बघायचे, निघून जायचे. एकदा मात्र ते थांबले.

“शाळावाल्यांचा फोन होता,” ते तिला म्हणाले. “या आठवड्यात गाडी निघाली नाही तर ते काम दुसऱ्याला देणार. पायलट सांगत होता, याच कामासाठी त्याने नोकरी सोडली. तुला माहीत असेलच म्हणा.”

तिला माहीत नव्हतं. रात्रभर ती या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिली. आपण त्याला थांबवत नाही आहोत, आपण त्याला बुडवतोय. सकाळी उठली ती ठरवूनच. गाडी पुरी करायची. तो जाईल. जाऊ दे. जीव गेला तरी चालेल, पण गाडी पुरी करायची.

त्या दिवशी आभाळ भरून आलं होतं. शेवटची ओळ उरली होती. ती दातओठ खाऊन गन चालवत होती, आणि आतून तीन ठोके आले. तिने लक्ष दिलं नाही, पुढचा मारला. पुन्हा तीन. तेवढ्यात पावसाची सर आली. वर कारखान्याचे पत्रे, खाली विमानाचा पत्रा – असा काही धडधडाट झाला की ठोके काय, स्वतःचा श्वास ऐकू येईना. तिने गन खाली टाकली आणि तरातरा दारातून आत शिरली.

तो ठोकळा हातात धरून गुडघ्यांवर बसला होता. तिने वाकून रिव्हेटच्या शेपटावरून अंगठा फिरवला.

“हा चांगला आहे!” तिला ओरडावंच लागलं. “हाही! आणि हाही! सगळे चांगले आहेत!”

“मला माहीत आहे!” तोही ओरडला.

“तुझं काम जाईल! तुला कळतंय का?”

‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

“जाऊ दे! मी ठरवलंय. मी शाळावाल्यांना नाही म्हणून सांगतो. गाडी विकून टाकतो. अप्पा ठेवतील मला कामाला. मी… मी इथेच राहतो. तुझ्याजवळ.”

हे वाक्य ऐकायला तिने किती संध्याकाळी पत्र्याला हात टेकले होते! ते आज समोरून आलं, चांगलं खणखणीत आलं, आणि तिला मात्र असा संताप आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

“इथे? तू इथे राहणार?”

“का? नको?”

“अरे, मला जायचंय इथून! जन्मभर मी दुसऱ्यांच्या जाणाऱ्या गाड्या बांधतेय. तू आलास तेव्हा वाटलं, हा तरी विचारेल – येतेस का? एकदा तरी विचारेल! आणि तू थांबायचं म्हणतोस? तू थांबलास तर मी कुणाबरोबर जाऊ?”

“पण अप्पा… कारखाना… मला वाटलं, तू कधीच…”

“मला तू हवा आहेस! आणि मला जायचंय! मला दोन्ही हवंय!”

सर आली तशी अचानक थांबली होती. ‘दोन्ही हवंय’ हे शब्द धडाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत घुमले आणि उघड्या दारातून थेट कारखान्यात गेले. बाहेर कुणा कामगाराच्या हातून पाना पडला.

ती दारात आली. खाली अप्पा उभे होते. शेजारी डबा घेऊन आत्या.

“अप्पा…”

“कधीपासून?” अप्पांनी विचारलं.

“तो आल्यापासूनच.”

“त्याचं नाही विचारत. ते आंधळ्यालाही दिसत होतं. जायचं कधीपासून आहे?”

“लहान असल्यापासून,” ती म्हणाली. “तुम्ही एकटे पडाल म्हणून…”

अप्पांनी चष्मा काढून पुसला. “आणि मी तुझा जीव इथे रमतो म्हणून हा पसारा ओढत बसलोय,” ते म्हणाले. “गुडघे बोंबलतायत माझे. नवीन बॉड्या बंद करून नुसती डागडुजी करावी, असं किती वर्षं मनात आहे. तुला कसं सांगायचं, म्हणून गप्प होतो.”

ती पायऱ्या न बघताच खाली उतरली आणि अप्पांच्या खांद्यावर डोकं ठेवून ओक्साबोक्शी रडली. त्यांनी तिच्या केसांतला पत्र्याचा कीस वेचून काढला.

“हे सगळं ठीक आहे,” आत्या म्हणाली. तिचा आवाज कडक होता. “पण असंच कुणी कुणाला गाडीत घालून नेणार नाही. आधी काय ते सांगा. आधी लग्न, की आधी शाळा?”

दोघं एकदम बोलली.

तो म्हणाला, “लग्न.”

ती म्हणाली, “शाळा!”

कारखान्यात हशा पिकला. आत्यासुद्धा पदराआड हसली. पायलट लाजून लाल झाला. त्याने तिच्याकडे पाहिलं – डोळे सुजलेले, गालावर काळा डाग, आणि उभी अशी की आत्ता फाटकाबाहेर पळत सुटेल.

“बरं… शाळा,” तो म्हणाला.

तेव्हा तिने सगळ्यांच्या देखत त्याचा हात धरला.