तू पुढं हो

गुणाबाई एटापल्लीला निघाली ती फक्त एक वही आणायला.

सन पंचावन्नचा वैशाख होता. गुणाबाई मूल गावच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण. नागपूरपलीकडे कधी गेलेली नाही, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात मुंबईहून तिची बोट सुटणार होती. डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे. तीन महिने, एकटीनं. गावाला तो एक चमत्कारच वाटत होता.

खरं तर हा बेत तिचा एकटीचा नव्हताच. रुखमाबाई आणि ती वर्ध्याला एका खोलीत राहून मास्तरकी शिकल्या. उत्तरेकडच्या त्या थंड देशांत शेतकऱ्यांच्या पोरींसाठी शाळा आहेत, हे रुखमाबाईनंच कुठंतरी वाचलं आणि तिच्या डोक्यात वेड शिरलं. हातात पैसा नाही, तर सायकलनं हिंडायचं. झाडलोट केली की स्वस्तात राहू देणाऱ्या तिकडच्या धर्मशाळांत उतरायचं. सातूचं पीठ सोबत न्यायचं. चार वर्षं तिनं तिकडे पत्रं धाडली आणि आलेली उत्तरं एका वहीत उतरून घेतली. कुठल्या गावाहून कुठली होडी, सायकल उसनी कोण देईल, पोटमाळ्यावर कोण निजू देईल, सगळं त्या वहीत. वहीशिवाय एवढ्या कमी पैशांत तो प्रवास होणंच शक्य नव्हतं.

मग रुखमाबाईची बदली एटापल्लीला झाली आणि तिथं हिवतापानं तिला धरलं. माघापासून तिची तीन पत्रं आली. ‘एकदा येऊन जा, गुणा. वही समजावून सांगायची आहे.’ गुणाबाई गेली नाही. कधी पासपोर्टची चौकशी, कधी देवीची लस, कधी शाळेची परीक्षा. कारणं खोटी नव्हती. पण खरं कारण तिचं तिला ठाऊक होतं. गेलं तर रुखमा म्हणेल, ‘वर्षभर थांब, मी बरी झाली की दोघी जाऊ.’ आणि गुणाबाईला थांबायचं नव्हतं.

चैत्र सरता सरता रुखमाबाई गेल्याचं कार्ड आलं. गुणाबाई ढसाढसा रडली. डोळे पुसता पुसता तिच्या मनात आलं, ‘आणि वही?’ त्या एका विचाराची लाज तिला पुढं जन्मभर पुरली.

आष्टीच्या घाटावर नावेतून वैनगंगा ओलांडून, आलापल्लीपर्यंत मोटारीनं आणि पुढे बैलांच्या खाचरानं ती एटापल्लीत पोचली, तेव्हा दुपारचे चार वाजले होते. गाव सुनं होतं. सगळे तेंदूपान तोडायला जंगलात गेलेले. उन्हात वाळत घातलेल्या पानांच्या पुड्यांचा तुरट, उग्र वास तेवढा पसरला होता. रुखमाबाईची शेवटपर्यंत शुश्रूषा केलेली सुकरी नावाची गोंड बाई तिला खोलीवर घेऊन गेली. कडी काढून दिली, पण स्वतः अंगणातच थांबली.

“बाई लई वाट पाह्यत होती तुमची,” ती म्हणाली. “रोज दारात येऊन बसे.”

गुणाबाईनं चपला दारात काढल्या. ती आत गेली.

वही फळीवरच होती. खाटेवर बसून तिनं ती उघडली, आणि ते ओळखीचं, डावीकडे झुकलेलं अक्षर पाहून ती सगळं विसरली. कुठल्या गावी भाकरी स्वस्त, कुठल्या बंदरावर रात्रीची होडी चुकली तर कुणाचं दार ठोठावावं... वाचता वाचता ती मनानं तिकडे पोचलीसुद्धा.

“लोकरीचे मोजे घेतले काय?”

“घेतले की. दोन जोड,” गुणाबाई वहीतून मान वर न करता म्हणाली.

आणि मग तिचं बोट ओळीवरच थांबलं.

आवाज आतल्या रांधणीतून आला होता. तिथलं दार अर्धं लोटलेलं. बाहेर वैशाखाचं ऊन रणरणत होतं आणि तिच्या तोंडातून माघातल्या पहाटेसारखी वाफ निघत होती. दारामागे कुणाचे तरी दात कडकड वाजत होते. थांबत, पुन्हा वाजत.

“हिव भरून राह्यलं, गुणा... तू आली नाई.”

“मी... कामात होतो, रुखमा.”

“म्या वाट पाह्यली.”

गुणाबाईला उठायचं होतं. पण ती खाटेवरच बसून राहिली.

“आता थांबशीन काय...? वर्षभर?”

ज्या प्रश्नाला भिऊन ती चार महिने आली नाही, तोच तो प्रश्न. हो म्हणायला तिची जीभ वळेना. नाही म्हणायची छाती होईना. वही पोटाशी धरून ती अंगणाच्या दाराकडे पाहत राहिली.

“नाई तं...” आवाज अगदी बारीक झाला, “मी पुढं होऊ काय?”

“हो... हो, तू पुढं हो,” गुणाबाई कशीबशी बोलली. “मी येतोच मागून.”

दातांचा आवाज एकदम बंद झाला. मागच्या दाराचा अडसर सरकला. मग परसातल्या वाळल्या पाचोळ्यावर पावलं वाजली आणि नदीकडे लांब लांब जात विरली.

गुणाबाई अंगणात येऊन पडली. तिनं अडखळत सगळं सांगितलं. सुकरीनं ऐकलं आणि ती मटकन खाली बसली.

“काऊन असं म्हटलं तुमी, बाई? मेलेल्या माणसाले नाई म्हणून सोडा लागते. तुमी तं येतो म्हटलं...”

गुणाबाई बोटीवर चढलीच नाही. तिकीट परत केलं, घरी आईला पोटदुखीचं कारण सांगितलं. मूलमध्ये लोक हसले. ‘भ्याली बाई.’ तिनं हसू दिलं. वेळेवर जाऊन ‘थांबतो’ म्हणाली असती, तर रुखमा कदाचित जगली नसती. पण एकटी तरी मेली नसती. हा विचार तिला शाळेत, चुलीपाशी, कुठंही गाठायचा.

पोळ्याच्या आधी परदेशी तिकिटांचं एक पाकीट आलं. नॉर्वेच्या अगदी उत्तर टोकाच्या एका कोळीवाड्यातून. तिथल्या धर्मशाळेच्या म्हाताऱ्या मालकिणीनं गावच्या मास्तरांकडून इंग्रजीत लिहवून घेतलं होतं. ‘तुमची मैत्रीण वीस जूनला पायी आमच्याकडे आली. स्वभावानं फार शांत आहे. काही खात नाही. सारा वेळ धक्क्यावर बसून दक्षिणेकडे पाहते. घरी जायचं का विचारलं, तर नकारार्थी मान हलवते. तिनं तुमचा पत्ता दिला आणि सोबतचा कागद धाडायला सांगितला. आम्हाला ही लिपी वाचता येत नाही.’

सोबतच्या कागदावर पेन्सिलीनं, डावीकडे झुकलेल्या अक्षरात, लिहिलं होतं:

‘गुणा, मी पोचली. इथी अंधारच पडत नाई. डोळा लागत नाई. कवा येशीन?’