उलट्या पावलांची आवणी

पटो न पटो, हे घडलं तेव्हा मी तिथेच उभा होतो.

मागच्या श्रावणातला शनिवार. नाशिकला द्वारका चौकाजवळचा एक हॉल. संध्याकाळ, दिवेलागणीची वेळ.

माझी बायको हर्षाली डिजिटल कलाकृती करते. या वेळी तिने प्रोजेक्टरने फरशीवर भाताचं शेत उभं केलं होतं. वर सेन्सर. शेतातून कुणी चाललं की रोपं वाकायची, पाणी हलायचं, स्पीकरमधून चिखलाचा आवाज यायचा. चित्रण आणि आवाज, दोन्ही तिच्या माहेरच्या, घोटीच्या शेतातले.

दुसऱ्या दिवशी उद्घाटन होतं. त्याआधी तिने लंकाकाकूंना दाखवायला आणलं. लंकाकाकू तिची चुलती. हर्षाली लहान असताना तिची आई, भागीबाई, त्याच शेतात भाताची आवणी करताना साप चावून गेली. मग काकूंनीच तिला वाढवलं.

काकू कडेला उभ्या राहून हसल्या. "लय खरं दिसतंय गं."

आम्ही तिघंही शेताच्या बाहेर होतो.

आणि समोरच्या कोपऱ्यात रोपं वाकली...

चुबुक.

थोडं थांबून... चुबुक.

"सेन्सर चुकतोय," म्हणत हर्षाली लॅपटॉपकडे वळली.

"थांब," काकू हळूच म्हणाल्या. "आवणी करतंय कुणीतरी. बघ, मागं मागं येतंय."

खरंच होतं. आवणी करणारी बाई उलटी सरकते. वाकून रोप लावायचं, एक पाऊल मागे. पाणी तसंच हलत होतं. आणि हललेल्या पाण्यात... नवी रोपं उभी राहत होती.

हर्षालीने असं काही बनवलंच नव्हतं.

ओळ सरळ आमच्याकडे येत होती.

मी प्लग ओढला. शेत गेलं. स्पीकर बंद. नुसती कोरी फरशी.

चुबुक...

अगदी पायाशी.

काकूंनी हात पुढे केला, काही द्यावं तसा. बंद मूठ सावकाश उघडली.

मग काहीच नाही.

हर्षालीने प्रदर्शन रद्द केलं. मशीन बिघडलं, असं लोकांना सांगितलं.

काकूंना गाडीने घोटीला सोडताना मी विचारलं, "काकू, हात कशाला पुढे केलात?"

"मागितली ना तिनं. रोपांची मूठ."

मला तर कुणाचं बोलणं ऐकू आलं नव्हतं.

मी आरशातून मागे पाहिलं. हर्षाली खिडकीबाहेर बघत होती. कुणी मागितली, असं तिने विचारलंच नाही.

वर्ष होत आलं. मीही तिला अजून काही विचारलेलं नाही...